तानसेन नाही, कानसेनही नाही : पियानो आणि व्हिडिओ गेममधले संगीत एकाच कानाला का आवडते?

हौशी श्रोता (ठाणे)

नमस्कार. मी संगीत शिकलेलो नाही. घरी आईची जुनी पेटी आहे. तिच्यावर एका बोटाने ओळखीची चाल शोधण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही, आणि पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन समोर आले की पाच तारांवर बसलेल्या चिमण्यांकडे पाहावे तसा मी त्याच्याकडे पाहतो. तरीही गेली सहा-सात वर्षे रात्रीच्या जेवणानंतर तासभर काहीतरी ऐकल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. त्या तासात मी जे ऐकतो त्याची यादी कोणाला दाखवायला मला थोडा संकोच वाटतो, कारण तिच्यात शोपाँची नॉक्टर्न, बीथोव्हनचा 'मूनलाइट' सोनाटा आणि एरिक सातीच्या छोट्या पियानो-रचना यांच्या खांद्याला खांदा लावून 'सुपर मारिओ', 'टेट्रिस' आणि 'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेमांचे संगीत बसलेले असते.

याचे मूळ नव्वदच्या दशकात आहे. वडिलांनी स्टेशनाजवळच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा एक गेम आणला होता. तो मूळ जपानी यंत्राची नक्कल होता हे पुष्कळ नंतर कळले. त्याच्या 'कॅसेट'च्या तोंडात फुंकर मारल्याशिवाय ती चालत नसे, आणि चालली की मारिओची ती चाल दुपारभर घरात वाजत राही. पियानो आयुष्यात आला तो पुढे, नोकरी लागल्यावर, लोकलच्या प्रवासात हेडफोनवर. गंमत अशी की पहिल्यांदा पियानो ऐकला तेव्हा काही नवे ऐकतो आहे असे वाटलेच नाही. जुन्या घरातली एखादी बंद खोली उघडावी तसे वाटले.

आता विचारण्याचे निमित्त सांगतो. मागच्या महिन्यात मी मुंबईत पहिल्यांदाच एका वाद्यवृंदाची मैफल ऐकायला गेलो. पहिला भाग संपला आणि मी मनापासून टाळ्या वाजवल्या. सभागृहात टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की पुढचे तीन भाग मी हात मांडीखाली दाबून ऐकले. मध्यंतरात त्यांनीच आपुलकीने चौकशी केली, तेव्हा मी काय काय ऐकतो ते प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "गेमचं संगीत म्हणजे पार्श्वभूमीचा आवाज, ते ऐकून या संगीताचा कान तयार होत नाही."

तेव्हापासून तीन गोष्टी मनात घोळत आहेत. या दोन संगीतांत खरोखर काही नाते आहे, की माझ्या बालपणाने माझ्या कानाला लावलेली ही निव्वळ सवय आहे? दुसरे म्हणजे, मारिओची चाल आज संगणकावर ऐकतो तेव्हा ती मला आठवणीतल्यापेक्षा भरभर वाजते असे नेहमी वाटते. हा वयाचा परिणाम समजावा काय? आणि तिसरे, शिकण्याचे वय आणि वेळ दोन्ही निघून गेलेल्या माणसाने अधिक चांगले ऐकावे तरी कसे?

काळीपांढरी (पुणे)

तुमच्या शेजारच्या गृहस्थांपासून सुरुवात करते. मोत्सार्टने ३ जुलै १७७८ रोजी पॅरिसहून वडिलांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आपल्या नव्या सिंफनीच्या पहिल्याच भागात लोकांना हमखास आवडेल अशी एक जागा त्याने हेतुपुरस्सर घातली होती, आणि ती जागा येताच, म्हणजे संगीत चालू असतानाच, लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, हे तो त्यात आनंदाने कळवतो. भागांमध्ये निःशब्द बसण्याची शिस्त नंतरची आहे. आज ती पाळावी हे खरे, कारण इतरांचा विरस होतो. पण ती मोडली म्हणून आपल्याला ऐकता येत नाही असे समजण्याचे काही कारण नाही.

आता नात्याकडे वळू. मी मूळची मडगावची. माझे आजोबा पोर्तुगीज काळातल्या पॅरिश शाळेत स्वरवाचन शिकले, आणि त्यांच्याबरोबर शिकलेले कितीतरी गोवेकर पुढे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वाजवायला गेले. मी स्वतः पुण्यात मुलांना पियानो शिकवते, आणि अलीकडे निम्मी मुले पहिल्याच दिवशी एखाद्या गेमची चाल शिकवा म्हणून सांगतात. सुरुवातीला मला याचा राग येई. आता येत नाही, आणि त्याचे कारण पेटीवर दाखवता येण्यासारखे आहे.

पांढरी एक हा षड्ज धरा. मोत्सार्टने १७८८ मध्ये नवशिक्यांसाठी म्हणून एक छोटा सोनाटा लिहिला, त्याचा क्रमांक के. ५४५. त्यातला डावा हात सुरुवातीला एवढेच वाजवतो: सा प ग प, सा प ग प, रे प म प, सा प ग प. त्याच वेळी उजव्या हातात एक लांब सा, मग ग, प, मग खालचा नी, आणि चटकन सा रे करून पुन्हा सा. पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला असतो, म्हणून हे तुम्हाला एकट्याला जमणार नाही. भाता सांभाळून खालचे स्वर आईंनी वाजवावेत आणि वरची चाल तुम्ही एका बोटाने वाजवावी.

सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम न दाबता असे एकापाठोपाठ का वाजवायचे? पियानोची तार एकदा ठोकली की तिचा नाद विरू लागतो. पेटीसारखा तो भात्याने धरून ठेवता येत नाही. आणि मोत्सार्टच्या काळातल्या पियानोंचा नाद तर आजच्यापेक्षाही लवकर विरायचा. म्हणून स्वरसमूह मोडून त्याचे सूत काततात. हालचाल चालू राहते आणि कानात मात्र पूर्ण समूह जमा होत जातो. या पद्धतीला दोमेनिको अल्बेर्ती या इटालियन संगीतकाराचे नाव पडले आहे. तुमचा 'मूनलाइट'सुद्धा याच जातीचा: त्याच्या षड्जावरून पाहिले तर प सा ग, प सा ग अशी तीन-तीन स्वरांची संथ लाट, त्यातला ग कोमल.

आता तुमच्या टीव्हीच्या डब्याकडे पाहा. त्या यंत्राच्या ध्वनि-चिपेत एकूण पाच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची, आणि एक नोंदवलेल्या आवाजाचे तुकडे वाजवणारी. चाल एका चौकोनी वाटेने गेली, खर्ज त्रिकोणी वाटेने गेला, की उरलेल्या एका वाटेवर तीन स्वरांचा समूह वाजवणार कसा? तोही मोडूनच वाजवावा लागतो. एकीकडे नाद टिकत नाही म्हणून, दुसरीकडे वाटा पुरत नाहीत म्हणून, पण युक्ती तीच. मोडलेल्या स्वरांतून पूर्ण समूह गोळा करण्याची सवय तुमच्या कानाला वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षीच लागली होती. बंद खोली उघडल्यासारखे वाटले ते उगाच नव्हे.

काही वेळा तर नात्याचा पुरावा शोधावाही लागत नाही. १९८९ च्या गेम बॉयवरील 'टेट्रिस'मध्ये संगीताचे तीन पर्याय होते, आणि त्यातला तिसरा म्हणजे बाखच्या तिसऱ्या फ्रेंच सुइटमधला, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकेतला, मिन्युएट हा नाच आहे. हिरोकाझु तानाका यांनी तो त्या लहानशा यंत्रासाठी बसवला. मूळ रचना मुख्यतः दोन स्वरधारांची, एक धावणारी आणि एक चालणारी, त्यामुळे मोजक्या वाटांच्या यंत्रात ती फारशी काटछाट न करता मावली. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये तर 'मूनलाइट' वाजवल्याशिवाय एक गुप्त दार उघडत नाही, आणि त्यातली एक मुलगी आधी चुकतमाकत वाजवते, मग तिला सरावासाठी एकटे सोडावे लागते. रियाझ केल्याशिवाय दार उघडत नाही हे माझ्या विद्यार्थ्यांना मी कितीदा सांगते, पण ते त्या गेमने अधिक परिणामकारकपणे सांगितले आहे.

डायोड (नाशिक)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण तो संगीताचा प्रश्न नाही. तो वयाचाही नाही. तुमची आठवण बरोबर आहे. तुमच्या घरी ती चाल खरोखरच संथ वाजत होती.

मूळ यंत्र जपान आणि अमेरिकेच्या टीव्हीसाठी बनवले होते. तिकडच्या पद्धतीत पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा रेखाटले जाते. आपल्याकडे दूरदर्शनने पाल पद्धत स्वीकारली होती आणि तिच्यात हा आकडा ५० आहे. त्या काळच्या गेममध्ये संगीताला स्वतःचे घड्याळ नसे. पडद्याचे एक चित्र पूर्ण झाले की प्रोग्रॅमला एक टिचकी मिळे, आणि त्या टिचकीसरशी तो संगीत एक पाऊल पुढे सरकवे. म्हणजे ताल धरणारा तबलजी हा प्रत्यक्षात तुमचा टीव्ही होता. आपल्या बाजारात आलेल्या नकली डब्यांची चिप ५० च्या हिशेबाने टिचक्या देणारी होती, पण आतला प्रोग्रॅम मात्र ६० साठी लिहिलेला, जसाच्या तसा उचललेला. त्यामुळे ६० पावले टाकायला एका सेकंदाऐवजी १.२ सेकंद लागत. दीड मिनिटाची चाल जवळजवळ १०८ सेकंद चाले. मारिओसुद्धा त्याच प्रमाणात सावकाश पळे, आणि म्हणूनच आज मूळ गतीने तो खेळताना आपली पिढी पहिल्याच खड्ड्यात पडते.

मग चाल संथ झाली तरी स्वर खाली का उतरले नाहीत, टेप हळू फिरवली की उतरतात तसे? कारण स्वराची उंची पडद्यावर अवलंबून नव्हती. ती चिपेच्या मुख्य ठोक्यावर अवलंबून होती. मूळ यंत्रात हा ठोका १.७९ मेगाहर्ट्झ होता आणि या नकली डब्यांत साधारण १.७७. हा फरक एक टक्क्याहून कमी आहे, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांत जवळजवळ सहा टक्क्यांचे अंतर असते हे लक्षात घेतले तर तो तुमच्या आईंच्या कानालाही सहज कळला नसता. स्वर तेच, लय विलंबित, अशी ती आवृत्ती होती. नक्कल करणाऱ्यांनी हा मेळ गेम निदान चालावेत म्हणून साधला असणार. संगीत त्यांच्या मनात नसावे.

आणखी एक गोष्ट. चौकोनी लहरीत आवाज किती वेळ चालू आणि किती वेळ बंद ठेवायचा यावर तिचा पोत ठरतो: निम्मा-निम्मा ठेवला तर बासरीकडे झुकणारा भरीव नाद, पाव भागच चालू ठेवला तर सनईसारखा चिरका. अनेक नकली चिपांत हे दोन पर्याय चुकून एकमेकांच्या जागी गेलेले होते. मी दुरुस्तीसाठी आलेले असे काही डबे उघडले आहेत. काळ्या थेंबाखाली झाकलेली एकुलती एक चिप, बाजूला चार-दोन कपॅसिटर, आणि बाकी सगळी रिकामी जागा. वजन जाणवावे म्हणून एकात तर लोखंडाची पट्टी चिकटवलेली होती. तुमच्या डब्यात कोणती चिप होती हे न उघडता सांगता येणार नाही, पण आज ऐकताना लयीबरोबर आवाजाचा रंगही वेगळा वाटत असेल तर तोही भास नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर यूट्यूबवर मूळ चाल लावून गती ०.८५ वर ठेवा. नेमका आकडा ०.८३ आहे, पण एवढ्याने काम भागेल.

मंद्रसप्तक (कोल्हापूर)

काळीपांढरी यांनी युक्तीचे नाते छान उलगडले आहे. मला मात्र थोडा विरोधी सूर लावायचा आहे, कारण युक्ती सारखी असली म्हणजे ऐकण्याचा अनुभव सारखा होतोच असे नाही.

मी चाळीस वर्षे ख्याल ऐकतो. माझा नातू 'टेट्रिस' खेळतो, तेव्हा त्यातली प्रसिद्ध रशियन चाल मला पाठ झाली आहे. ती मुळात लोकगीताची. शब्द निकोलाय नेक्रासोव्ह या कवीच्या १८६१ च्या कवितेतले. तिची सुरुवात प रे ग म ग रे सा अशी होते, आणि पुढच्या ओळीत म ध वरचा सा नी ध प. ग, ध, नी कोमल, म्हणजे स्वर आसावरी थाटाचे. राग म्हणू नये, कारण चलन रागाचे नाही. चाल मात्र बांधेसूद आहे, तिचा मला मुळीच कंटाळा नाही. कंटाळा येतो तो ती तशीच, सुईच्या टोकाएवढाही फरक न होता, चाळीसाव्यांदा येते तेव्हा.

आपल्याकडेही मुखडा पुन्हा पुन्हा येतो. पण प्रत्येक वेळी गायक कोठून तरी फिरून येतो आणि समेवर ठेवतो, म्हणून त्या परतण्याला अर्थ असतो. गेममध्ये, मला वाटते, हा विस्तार खेळणारा करतो. चाल स्थिर असते आणि तुमच्या उड्या, तुमच्या चुका, तुमचे थोडक्यात वाचणे या तिच्यावरच्या ताना असतात. म्हणून खेळताना ती शिळी होत नाही. पण खेळ बंद करून नुसती तीच ऐकत बसणे म्हणजे गायक उठून गेल्यावर तानपुरा आणि ठेका ऐकत बसण्यासारखे आहे. तानपुरा सुंदर असतोच. तरी मैफल ती नव्हे.

तुमच्या यादीतल्या शोपाँचे तसे नाही. नॉक्टर्न, ओपस ९, क्रमांक २, हे तुम्ही नक्कीच ऐकले असेल. १८३२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मला ते एका मित्राने ऐकवले आणि मी चकित झालो, कारण हा तर ठुमरी ऐकण्याचा आनंद होता. सुरुवातीलाच पंचमावरून वरच्या गंधारावर एक हळुवार झेप आहे. ती ओळ पुन्हा येते तेव्हा गंधाराकडे जाण्याच्या वाटेवर एक मुरकी सांडलेली असते. त्याच्या पुढच्या वेळी दोन. आणि शेवटी शेवटी तर दाणेदार स्वरांची सबंध सर ओघळते. डावा हात मात्र ठेका धरल्यासारखा शांत. शोपाँला इटालियन ऑपेरातल्या गाण्याचे वेड होते, ते येथे ऐकू येते. पियानोला मींड नाही, दोन पट्ट्यांच्या मधली वाट त्याला बंद आहे. तरी मुरक्या आणि कण यांनी त्याने गळ्याचा आभास निर्माण केला आहे.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की काहीच शिकू नका. त्या एकाच नॉक्टर्नमधली पहिली ओळ गुणगुणता येईपर्यंत ऐका, आणि मग पुढच्या वेळी ती परत आल्यावर शोपाँने तिचे काय केले एवढेच पाहा. आठवडाभर दुसरे काही ऐकू नका. चार-साडेचार मिनिटांचा मामला आहे.

अर्धविराम (लाइपझिग, जर्मनी)

मंद्रसप्तक यांची तानपुऱ्याची उपमा मला फार आवडली, आणि तरीही ती अर्धीच पटली. मी ज्या गावात राहतो तेथे बाख १७२३ पासून मरेपर्यंत सेंट थॉमस चर्चचा संगीतप्रमुख होता. येथल्याच गेवांडहाउस या सभागृहात २००३ मध्ये गेममधल्या संगीताची वाद्यवृंद-मैफल झाली. जपानबाहेर तोवर असे घडले नव्हते. जपानमध्ये तर कोइची सुगियामा यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट'चे संगीत १९८७ मध्येच टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये वाजवून घेतले होते. खेळ बाजूला काढला तरी ऐकण्यासारखे काही उरते, असे त्या संगीतकारांना स्वतःला तेव्हाच वाटत होते. काळ कसा बदलला पाहा: अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत २०२३ मध्ये कोजी कोंडो यांची मारिओची चाल घेतली, आणि २०२५ मध्ये 'माइनक्राफ्ट'चा पहिला संगीतसंच.

'माइनक्राफ्ट'मुळेच मी हे लिहीत आहे, कारण पार्श्वभूमीचा आवाज या शेऱ्याला त्यात उत्तर आहे. सी-४१८ या नावाने लिहिणाऱ्या जर्मन संगीतकाराचे ते संगीत सतत वाजत नाही. तुम्ही एकटेच दगड फोडत, घर बांधत असता, बराच वेळ पूर्ण शांतता असते, आणि मग कोठून तरी पियानोचे चार स्वर येतात. हुकमी असे काही नाही. ते येतात आणि निघून जातात. पहिल्यांदा सातीची पहिली 'जिम्नोपेदी' ऐकली तेव्हा मला तेच आठवले. १८८८ ची ती रचना. डावा हात एक खर्ज ठेवतो, मग त्यावर एक मऊ स्वरसमूह, आणि तिसऱ्या मात्रेला नवे काहीच नाही. असे चार वेळा झाल्यावर मग उजव्या हातात चाल येते: ग प म ग नी ध नी सा प. तिला कोठे पोहोचण्याची घाई नाही.

आणि याच सातीने पुढे 'फर्निचर-संगीत' नावाची कल्पना काढली: खोलीत खुर्ची असते तसे संगीत असावे, त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहू नये. १९२० मध्ये पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवले, तेव्हा लोक सवयीने बोलणे थांबवून ऐकू लागले, आणि साती त्यांच्यात फिरून बोलत राहा, ऐकू नका, असे विनवत होता म्हणतात. म्हणजे पार्श्वभूमीला राहणे हे संगीताचे कमीपण आहे, हे त्याने शंभर वर्षांपूर्वीच नाकारले होते. फक्त त्याच्या श्रोत्यांना ते जमले नाही. तुम्हाला जमते.

पेठकर (पुणे)

वरच्या चर्चेत फारशी भर नाही, पण आपल्याकडचे एक नाव यादीत असावे. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा २०२० मधला गेम आमच्या पुण्यातल्या मंडळींनी केला, आणि त्याच्या संगीतात भारतीय वाद्ये भरपूर आहेत. ते करणारे लिनोस त्झेलोस मात्र ग्रीक आहेत. आमच्या गल्लीत यावरून वाद झाला होता. गेम आवडला, वाद मिटला नाही. आणि ज्यांना पाश्चात्त्य संगीत परके वाटते त्यांनी सलील चौधरींचे 'छाया'मधले 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' ऐकून लगेच मोत्सार्टची चाळिसावी सिंफनी लावावी.

हौशी श्रोता (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लावले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मंद्रसप्तक, एकच नॉक्टर्न आठवडाभर ऐकण्याची शिक्षा पाचव्या दिवशी शिक्षा राहिली नाही. पहिली ओळ आता गुणगुणता येते, आणि दुसऱ्यांदा ती येते तेव्हा नेमके काय वाढले ते मी सांगू शकतो. तिसऱ्या वेळचे अजून हातातून निसटते. तानपुऱ्याच्या उपमेवर मात्र मी अर्धविराम यांच्या बाजूला आहे. मारिओची चाल ऐकताना माझ्याकडून उड्या मनातल्या मनात मारल्या जातातच, तेव्हा गायक पूर्ण उठून गेला आहे असे मला वाटत नाही.

काळीपांढरी, सोनाट्याचा प्रयोग रविवारी केला. आईने भाता धरून सा प ग प वाजवायला घेतले आणि दोन मिनिटांत ती इतकी सफाईने वाजवू लागली की माझे एक बोट मागे पडले. नी वरून चटकन सा रे घेऊन परत सा वर यायचे, ती जागा एका बोटाने होत नाही. दुसरे बोट लावावेच लागले. आईने खर्जाची पट्टी न सोडता सांगितले, "हे तर अलंकारासारखं आहे, आम्हाला शाळेत असंच घोटून घ्यायचे."

डायोड, तुमचा प्रयोग मात्र मी कोणाला न सांगता केला. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मारिओ मूळ गतीने लावला. स्वयंपाकघरातून काही प्रतिक्रिया आली नाही. थोड्या वेळाने तोच ०.८५ वर लावला. आई हाताला पीठ तसेच ठेवून दारात आली आणि म्हणाली, "हा तुझा जुना गेम ना? तो डबा अजून आहे आपल्याकडे?" तो माळ्यावर असेल तर काढून उघडून पाहीन, आणि आत लोखंडाची पट्टी निघाली तर फोटो टाकीन.

पण तिच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वेळ संपत आली की, म्हणजे आकडा शंभराच्या खाली गेला की, त्या गेमचे संगीत एकदम जास्त घाईने वाजू लागे, हे मला आठवत होते. तिलाही ते आठवत असेल असे कधी वाटले नव्हते. ती म्हणाली, "शेवटी ते धावायला लागायचं, ते यात कुठे आहे? ते ऐकू आलं की मी तव्यावर भाकरी टाकायचे. आता हा हरणार आणि उठणार, हे कळायचं."